मुहूर्ताच्या कामामागची रांग

मी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलल्या. माझी मुलगी वर्षाली खुर्चीवर बसून काम करते. ते काम सोपं म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

अमरावतीला भगवंतरावांचं औषधांचं ठोक दुकान आहे. त्यांचा सर्व्हर ती आमच्या अकोल्याच्या घरून सांभाळते. कोणी बटण न दाबता ठरल्या वेळी होणारी कामं ती लावून देते आणि ती होतात का, ते पाहते. त्यातलं एक काम सारखं थंड खोलीचं तापमान वाचतं. खोलीत तिवसा, चांदूर बाजारपर्यंत जाणारं इन्सुलिन असतं. पारा सातच्या वर गेला की इशारा. आठच्या वर गेला की माल वाया.

अक्षय्य तृतीयेला सकाळी भगवंतरावांनी नारळ फोडला आणि सर्व्हरवर नवं काम सुरू केलं. गोदामातल्या साऱ्या मालाची नव्याने नोंद. वर्षालीला विचारलं नाही.

तिच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. तरी ती पुढे वाकली.

"हिरवं तं हाय," मी म्हणालो.

"हिरवं म्हंजे बिघडलं नाही, बाबा. काम झालं असं नाही."

तापमानाचं काम मुहूर्तापासून एकदाही पूर्ण झालं नव्हतं. नव्या कामाने सर्व्हर अडवला होता. बाकीची कामं मागे रांगेत उभी. नुसत्या थांबलेल्या कामाला लाल दिवा लागत नाही.

तिने फोन लावला.

"काकाजी, नवं काम थांबवा लागते."

"काहून? आत्ताच तं नारळ फोडला! मुहूर्ताचं काम मधातून तोडते का कोनी?"

"थंड खोलीपाशी कोन हाय?"

"कोनीच नाही. सारे पेढे खाऊन राहिले."

"कोनाले तरी तिकडे धाडा. मी काम तोडून राहिली."

"अपशकून झाला तं तुह्या माथी, पोरी."

"माह्या माथी."

तिने नवं काम तोडलं. रांग सरकली. आकडा आला, साडेसात. दिवा लाल.

फोनमध्ये धावपळ ऐकू आली, मग शिव्या. पेढे खराब होऊ नयेत म्हणून कोणी खोकी थंड खोलीत रचली होती. एक दारात अडकून दार उघडं राहिलं होतं.

"दार लावलं," भगवंतराव धापा टाकत म्हणाले. "आता माहं काम चालू कर."

"नाही. आधी तापमानाले वेगळी जागा करून देते, रांगेत अडकाले नको."

पुढचा आकडा पावणेआठ. दार लागूनही चढता. मी चहा आणला. तिने हाताने थांबवलं.

मग साडेसात.

"उतरला. चहा घे आता."

"सातच्या खाली येऊ द्या, बाबा."

चहावर साय धरली.