बाथरूमचा ब्रश आणि परबकाकांचा कान

कानाच्या दवाखान्यात नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. इथे सगळेच मोठ्याने बोलतात, त्यामुळे ते आपोआप साठतात!

मी घाटकोपरच्या एका दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. आमच्या मॅडमचा जीव आतल्या कानातल्या पेशींवर. प्रत्येक पेशंटला त्या ब्रश दाखवून समजावतात, "पेशीच्या डोक्यावर असे बारीक केस असतात. जिन्यासारखे, आखूड ते उंच. आवाजाने ते वाकतात आणि मेंदूला खबर जाते. फार मोठा आवाज झाला की..." इथे त्या ब्रश कचकन मोडतात.

एकदा साफसफाईच्या मावशी दारातूनच ओरडल्या, "मॅडम, हा पण मोडलात? आता बाथरूम काय बोटांनी घासू?"

*

विक्रोळीचे परबकाका. आयुष्य कारखान्यात, प्रेस मशीनपाशी गेलं. त्यांना सांगितलं, टूं ऐकू आलं की बटण दाबा. मी आवाज दिलाच नाही, तरी काका दाबतायत!

"काका, काही ऐकू आलं?"

"नाय गं. पण तुझा चेहरा पडला होता. म्हटलं, पोरीला वाईट नको वाटायला."

*

रिपोर्ट आला. उंच पट्टीचे बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, दाराशीच असतात, पहिला मार त्यांनाच बसतो. काकांच्या तर बहुतेक गेल्याच होत्या. सोबत आलेल्या काकी थक्क झाल्या. "म्हणजे ह्यांना खरंच ऐकू येत नव्हतं? मी उगाच भांडले?"

"डाव्या कानात थोड्या पेशी शिल्लक आहेत," मॅडम म्हणाल्या. "मेलेली पेशी परत उगवत नाही. जपा."

काकांचे डोळे भरले. "नात आत्ता बोलायला लागलीय, मॅडम. तिचं तेवढं ऐकू येऊ दे." कानाचं मशीन लावून काका घरी गेले.

*

काका त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. यंदा गणपतीला देखावा केला आतल्या कानाचा! शंखासारख्या कॉक्लियात बाप्पा, भोवती खराट्यांच्या रांगा, आखूड ते उंच, अगदी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. वर बोर्ड, 'मोठा आवाज टाळा, कान सांभाळा'. प्रमुख पाहुण्या अर्थातच मॅडम.

फक्त खराटे काही केल्या हलेनात. मग पोरांनी डीजे आणला. फुल बेस! खराटे थरथरले, पब्लिकने टाळ्या पिटल्या.

काका स्पीकरला टेकून उभे, चेहऱ्यावर झकास हसू. मॅडम किंचाळत धावल्या, कानाकडे बोट दाखवून हातवारे करू लागल्या.

काकांनी खिशातून डबी काढून उघडून दाखवली.

"टेन्शन नको, मॅडम! मशीन कधीच काढून ठेवलंय. एवढ्या आवाजात ते खराब नाय का होणार?"