येव काय गो?

आमच्या हिच्या मामांइतका सभ्य माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्या सभ्यपणाने आम्हाला जेवढा ताप दिला तेवढा एखाद्या गावगुंडानेही दिला नसता. मामांनी जन्मात कुणाच्या दारावरची बेल वाजवली नाही. ते बाहेर उभे राहून खाकरतात. एकदा खाकरायचं, दाराकडे पाठ करायची आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं. त्यांचं सगळं आयुष्य नायगावच्या चाळीत गेलं. तिथे दारं दिवसभर उघडी, त्यामुळे कुणाकडे शिरण्याआधी खाकरणं ही रीतच होती. आतल्या माणसाला जरा सावरून बसायला वेळ मिळावा, एवढाच त्यातला हेतू. पण आमच्या दादरच्या फ्लॅटला जाडजूड सागवानी दार आहे आणि आत टीव्ही चालू असतो. एका रविवारी मामा पाऊण तास खाकरत होते. शेवटी समोरच्या काकूंनी बाहेर येऊन त्यांना कोमट पाणी आणि ज्येष्ठमध दिला. मामांनी तो चघळला, आभार मानले आणि पुन्हा आमच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले.

मामांचे तिन्ही भाऊ गिरणीत लागले. मामा मात्र रेसच्या घोड्यांकडे मोतद्दार म्हणून चिकटले. घोड्याला खरारा करायचा, चारायचं, सकाळी फिरवून आणायचं, हे काम. घरात पाहुण्यांना 'धाकटा जरा वेगळ्या लायनीत आहे' असं मोघम सांगितलं जाई. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि घोडे राहिले, पण मामांनी त्यावरून भावांना कधी टोमणा मारला नाही. चाळीस वर्षं घोड्यांत काढल्यामुळे माणसांकडेही ते त्याच नजरेने बघतात. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मी पोहे खात होतो, तेव्हा त्यांनी मला उठवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं आणि बहिणीला म्हणाले, "पायान बरो असा. जरा बुजता, पण लाथ मारूचो नाय." या शिफारशीवर माझं लग्न झालं. त्यांच्या खिशात कायम गुळाचे खडे असतात. ते जसे घोड्याला, तसेच बसच्या कंडक्टरला आणि डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही मिळतात. हिचा पारा चढायला लागला की तेही माझ्याआधी मामांनाच कळतं. "जावयबापू, कान मागे गेले. आता गप रवा," असं ते हळूच सांगतात. मला तर हिचे कान जागच्या जागीच दिसतात. पण गप राहिलेलं बरं पडतं, हे मात्र खरं.

परळच्या एका गल्लीत लग्नाच्या घोड्यांचा लहानसा तबेला आहे. मामा निवृत्त झाल्यावर वेळ जायला तिथे जाऊन बसायचे. तिथल्या शेठने सोनी नावाची एक पांढरी घोडी आणली. रस्त्यावर ही घोडी म्हणजे गुणाची खाण. बँड वाजो, फटाके फुटोत, नवरदेव शंभर किलोचा असो, तिचं काही म्हणणं नसे. पण तिच्या ठाणात, म्हणजे तिला बांधायच्या खणात, कुणी पाऊल टाकलं की तिच्या अंगात यायचं. कान मागे, दात बाहेर, नाहीतर सरळ फिरून लाथ. एकाच्या खांद्याचा तिने लचका तोडला, दुसऱ्याची मांडी सुजवली. शेठने जाहीर केलं की आठ दिवसांत वळणावर आली नाही तर ती व्यापाऱ्याला परत जाणार. चावऱ्या घोडीला व्यापारी कसा सरळ करतो हे मामांनी पाहिलेलं होतं. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले, आणि समोर त्यांच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं असूनही त्यांनी भात चिवडत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर नेलं. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो, त्यामुळे घरातून कुणालाही उसना देण्याजोगा होतो. मामा सकाळभर नुसते बघत बसले. एक गडी आला, त्याने फळीचा आडसर पायाने ढकलला आणि लगाम घेऊन घुसला. दुसरा झाडू घेऊन घुसला. दोघेही घुसले त्याहून दुप्पट वेगाने बाहेर आले.

"शेठ, ता तिचा घर असा," मामा म्हणाले. "तुमची माणसा हातात लगाम नाय तर झाडू घेवन घुसतत. कोण कधी नुसतो भेटाक गेलो काय?"

"मामा, जनावर आहे ते."

"म्हणानच सांगतंय."

मग मामांनी एक बादली पालथी घातली, ठाणाबाहेर घोडीकडे पाठ करून त्या बादलीवर बसले आणि पेपर उघडला. तासाभराने उठले, खाकरले आणि आत यायला विचारलं, "येव काय गो बाय?" मग खांद्यावरून हळूच मागे पाहिलं. घोडीचे कान मागेच होते. "बरा, नको तर नको," म्हणून पुन्हा बसले. तीन दिवस हेच चाललं. शेठ वैतागून म्हणाला, "मामा, घोडी वरातीत न्यायची आहे. तिला मागणी नाही घालायची." चौथ्या दिवशी सोनीने आडसरावरून मान काढली आणि मामांच्या पेपरातलं राशिभविष्य खाल्लं. मामा हलले नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. पाचव्या दिवशी ते आत गेले, गुळाचा खडा दिला आणि बाहेर आले. आत काय केलंत म्हणून मी विचारलं.

"काय नाय. भेटान इलंय."

आठव्या दिवशी शेठने नवीन फाटा काढला. मामांना आत घेते ते ठीक, पण मामा रोज कुठले असायला? दुसरं कुणीतरी आत जाऊन दाखवा, नाहीतर व्यापारी संध्याकाळी येतोच आहे. सगळे गडी एकदम आपापल्या कामाला लागले. राहिलो मी. मामांनी माझ्या शर्टाच्या खिशात गुळाचा खडा टाकला. मी खाकरलो, तर भीतीने आणि गवताच्या धुळीने मला खराच खोकला सुटला आणि थांबेना. कसाबसा थांबला तेव्हा तोंडातून निघालं, "मी आत येऊ शकतो का?" सोनीचे कान सपकन मागे गेले.

"बँकेतलो सायब वाटलो तिका," मामा शांतपणे म्हणाले. "घरच्यासारख्या बोला."

दात विचकलेल्या घोडीकडे पाठ करणं म्हणजे काय ते मला विचारा.  "येव काय गो बाय?" मी म्हणालो, आणि डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग मानेवर गरम श्वास आला, खांद्यावरून एक लांबलचक तोंड पुढे आलं आणि तिने माझ्या शर्टाच्या खिशातला गूळ खिशासकट घेतला. शेठ पोट धरून हसला आणि त्याने व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. सोनी अजून तिथेच आहे. त्या तबेल्यात आता गडी खाकरूनच आत शिरतात.

पुढे चाळ पाडली आणि मामा एकोणिसाव्या मजल्यावर गेले. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःची खोली मिळाली. पण तिथे सगळ्यांची दारं बंद. मामा पॅसेजमध्ये खाकरले की शेजारी मास्क लावून बाहेर येत. हळूहळू त्यांनी बाहेर पडणं सोडलं. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, "बाबा हल्ली अंगावर येतात हो. काल गोळ्यांचा डबा भिरकावला. डॉक्टर आणखी एक गोळी चालू करू म्हणतात, म्हणजे पडून राहतील."

मी लगेच गेलो. अर्धा तास हॉलमध्ये बसून पाहिलं. सूनबाई औषध घेऊन खोलीत शिरल्या, कामाची बाई झाडू घेऊन शिरली, मुलगा फोनवर बोलतच चार्जर घ्यायला शिरला. दर वेळी आतून मामांचा आवाज चढत गेला. नुसतं भेटायला कुणी गेलं नाही. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, खोलीच्या दाराकडे पाठ करून बसलो आणि पेपर उघडला. थोड्या वेळाने खाकरलो.

"येव काय, मामा?"

 "बरा, नको तर नको," म्हणून मी पान उलटलं. सूनबाई माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होत्या. राशिभविष्य वाचून झालं, अग्रलेखही झाला. मग आत पलंग करकरला.

"जावयबापू," मामा म्हणाले, "गूळ हाडलात काय?"

"हाडलंय," म्हणत मी खिशातून गुळाचा खडा काढला.

"मगे येवा."