बुरुलच्या कामात शारकानचे हात

नारीन गावात नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, गालिचे करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण शारकानचा टाका दुरूनही ओळखू येतो. नवरा होता तोवर ती मेंढरांमागे डोंगरात राहिली. तो गेल्यावर गावात उतरली. पुढे मुलगा आणि सून कामासाठी रशियात गेले, आणि त्यांची मुलगी बुरुल हिच्याकडे राहिली. शाळा शारकानने जेमतेम पाहिलेली. नाव लिहिता येतं, तेही कोणी उभं राहून बघत नसेल तर.

बुरुल आता सोळा वर्षांची आहे. तिला समजतं सगळं, पण सावकाश. अक्षरं तिच्यापुढे थांबत नाहीत, इकडची तिकडे होतात. शब्द ओठांवर यायला वेळ लागतो, आणि समोरचा घाईत असला तर येतच नाहीत. शारकानचा तिच्यावर जीव होता, त्याबद्दल कोणी बोट दाखवू नये. तिच्यासाठी गरम पाव मोडताना मऊ भाग ती नेहमी पोरीच्या पुढ्यात टाकायची. पण दारात पाहुणे आले की बुरुलला आतल्या खोलीत धाडायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "लाजाळू आहे हो." लाजत कोण होतं ते तिचं तिला ठाऊक.

शाळेत अशा मुलांचा वेगळा वर्ग आहे. एल्जात तिथली बाई, वयाने लहान पण चिकाटीची. तिने प्रत्येक मुलाला टॅबवर एकेक पोर्टफोलिओ करून दिला होता. म्हणजे काय, तर मुलाने केलेल्या कामाचे मोठमोठे फोटो. फोटोवर बोट ठेवलं की तो अख्खा पडदा व्यापतो, खालच्या तोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं की त्या मुलाचाच आवाज सांगतो, हे मी कसं केलं. काढून टाकायचं असलं तर कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. वाचावं लागत नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही स्वतःचं काम स्वतः उघडून दाखवता यावं, एवढ्यासाठी केलेलं ते.

"आपा," वडीलधारीला हाक मारतात तशी एल्जात शारकानला म्हणाली होती, "नमद्याच्या सपाता करणारा कारखाना आहे ना, तिथल्या तोतुया बाई येणार आहेत. पोर्टफोलिओ बघून एका मुलीला शिकायला घेणार. बुरुलचं काम चांगलं चाललंय. सुट्टीत टॅब घरी न्या, तिला शांतपणे भरू दे."

शारकानने मान डोलावली आणि घरी येता येता तिच्या डोक्यात वेगळंच घोळू लागलं. परकं माणूस येणार, पोरीच्या हातचं बघणार, मग ठरवणार. हे तर लग्नातल्यासारखंच झालं! आणि आमच्याकडे लग्नात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नवरीच्या पेटीतल्या रजया, गालिचे, उशा आई आणि आजी वर्षानुवर्षं शिवतात. त्या दिवशी मांडामांड होते, बायका बोटांनी टाके चाचपतात आणि म्हणतात, "काय हात आहे पोरीचा!" पोरीने सुईत दोराही ओवलेला नसतो. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कोणी त्याला खोटं म्हणत नाही. शारकानच्या लग्नात तेच झालं होतं, तिच्या मुलींच्याही.

म्हणून सुट्टीच्या दुपारी बुरुल शेजाऱ्यांची नवी वासरं बघायला गेली तेव्हा शारकानने टॅब मांडीवर घेतला. फोटो उघडले. एकाच नक्षीचे तुकडे, मेंढ्याचं शिंग, पण कसली शिंगं ती! एक वर, एक खाली, जणू मेंढा धडपडलाय. टाके कुठे दाटीवाटीने, कुठे पांगलेले. शारकानच्या कानशिलांवर घाम आला. हे ती तोतुया बघणार? शारकानच्या नातीचं म्हणून?

तिने एकेक फोटो डब्यात टाकला. अगदी सोपं होतं. जे पोरीला जमावं म्हणून केलं होतं, ते आजीलाही जमलं. मग भिंतीवरचे आपले तीन तुकडे खिडकीपाशी उजेडात मांडून तिने त्यांचे फोटो घातले. आवाजाचं काही तिला सुचलं नाही. चित्रं बोलकी आहेत, आवाज कशाला, असं तिने ठरवून टाकलं.

बुरुलने काही विचारलं नाही, कारण तिने टॅब परत उघडलाच नाही. तिचं भरून झालं होतं.

ठरलेल्या दिवशी वर्गात चहा होता, कणकेचे तळलेले बोरसोक होते, भिंतीशी पालक बसले होते. तोतुया उंच, भारदस्त बाई, बोटांना नमदा चिरून पडलेले घट्टे. बुरुलची पाळी आली. तिने टॅब समोर ठेवला, ताठ बसली आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

शारकानचं शिंग पडदाभर पसरलं. रेखीव, टोकदार.

बुरुल बघत राहिली. तोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं, काही आवाज आला नाही. दुसरा फोटो. तिसरा. परत पहिला. तिचं बोट भराभर फिरू लागलं, जशी एखादी बाई गर्दीत हात सुटलेलं मूल शोधते.

तोतुया पुढे वाकली. "हे तू केलंस?"

बुरुलच्या ओठांपाशी शब्द आले आणि अडले.

"घाई नाही," तोतुया म्हणाली. "पण एक सांग. हे शिंग कापताना आधी आतली रेघ कापलीस की बाहेरची?"

बुरुलचं बोट पडद्यावरच फिरत राहिलं. भिंतीकडून कोणीतरी खाकरलं. तोतुया मागे टेकली आणि एल्जातकडे वळली. "मुली, राग मानू नकोस. हिला एवढं येत असेल तर मी काय शिकवणार? आणि येत नसेल तर कोणीतरी मला फसवतंय. जागा एकच आहे माझ्याकडे."

"माझी," बुरुल म्हणाली. सगळे थांबले. "माझी कुठे गेली?" ती रडत नव्हती. ती एल्जातला विचारत होती. "बाई, वाईट होती म्हणून काढली का?"

एल्जातचा चेहरा उतरला. "मी नाही काढली गं."

शारकानला आता गप्प बसता आलं असतं. टॅबच तो, बिघडला म्हणाली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती. पण पोर एल्जातकडे बघत होती, जिचा काही दोष नव्हता. शारकान उठली. गुडघे कटकन वाजले, आणि इतक्या शांततेत ते सगळ्यांनी ऐकलं.

"मी काढली. ही शिंगं माझी आहेत."

"का आपा?" एल्जातने विचारलं.

"पेटी भरतात तशी भरली."

भिंतीशी बसलेली एक बाई खुदकन हसली, मग दुसरी. त्यांना समजलं होतं. तोतुया मात्र हसली नाही. "आपा, नवरीला नंतर कोणी गालिचा करायला बसवत नाही. मी हिला बसवणार होते."



एल्जातने टॅब जवळ ओढला. "काढलेलं लगेच जात नाही. डब्यात असतं काही दिवस." तिने खटपट केली, आणि धडपडलेले मेंढे एकेक करून परत आले. बुरुलने सुस्कारा टाकला. पहिल्यावर बोट ठेवलं, आणि तिचाच आवाज वर्गात घुमला.

"ही पहिली नक्षी. सुरी घसरली. शिंग वाकडं झालं. बोट कापलं. रडले नाही."

"ही दुसरी. सुरी आडवी धरली. एक बरं झालं, एक नाही."

तिसऱ्यावर बोट गेलं आणि आधी दुसराच आवाज आला, खणखणीत: "उचल ते तिथून! लोक येतायत. हे काय कोणाला दाखवायचं आहे का? सार सोफ्याखाली, आणि तूही आत जा!"

तो कोणाचा आवाज आहे हे कोणालाही विचारावं लागलं नाही. शारकान अजून उभीच होती. बसायचं कसं हेच तिला सुचेना. लोकांपुढे ती हे कधीच बोलली नसती. घरात मात्र ते इतक्या सहज निघालं होतं की तिला आठवतही नव्हतं.

टॅबमधून बुरुल पुढे कुजबुजत होती. "आपा चिडली. पण ही तिसरी आहे. हिच्यात दोन्ही शिंगं सारखी आहेत. टाके अजून दाट पाहिजेत."

तोतुयाने तो फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ नेला. "आहेत की सारखी. आणि टाक्यांचंही बरोबर आहे तुझं." मग जरा थांबून, "सोमवारी ये. सुरी आम्ही देऊ. एप्रन घरचा आण."

पालकांनी बुरुलच्या पाठीवर थापा दिल्या. शारकानकडे कोणी बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा जड होतं.

एल्जातने हळूच विचारलं, "बुरुल, तिसरीवरचा आपाचा आवाज पुसून टाकू? पोर्टफोलिओ तुझा आहे, तू सांग."



बुरुलने विचार केला, तिच्या सवडीने. "नको. तिसरी चांगली झालीय. हात नको लावूस."

बाजारातून घरी जाताना बुरुल दोन पावलं पुढे चालत होती. एरवी ती बाही धरून चालते. पाववाल्या बाईपाशी तिने एक पाव घेतला आणि वळली.

"आपा, परत काढशील?"

"नाही गं."

"पावावर हात ठेव."

"इथे? भर बाजारात?"

"इथे."

पावाची शपथ आमच्याकडे कोणी हसण्यावारी घेत नाही. म्हातारं माणूस तर लहानापुढे ती घेतच नाही. शारकानने इकडे तिकडे पाहिलं. ओळखीचे चेहरे होते, का नसणार? तिने गरम पावावर हात ठेवला. "तुझं काम मी लपवणार नाही. तुलाही नाही."

पाववाली कमरेवर हात ठेवून बघत होती. "अगं बाई! शारकान आपा, नातीचं काय चोरलंत?"

शारकानने बुरुलकडे पाहिलं. पोर उत्तराची वाट बघत उभी होती, अजिबात घाई न करता.

"तिचं काम," शारकान म्हणाली. मागच्या गिऱ्हाइकांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.