शिंप्यानं ओळखलेला खांदा

माझी मावशी दिसायला चारचौघींसारखीच. नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात दिवसभर काजं-बटणं करायची आणि वर बोलणी खायची. एका हिवाळ्यात महिनाभर रोज दुपारी ती वरच्या मजल्यावरच्या चित्रकारासमोर कपड्यांविना बसली. का, म्हणून मी पुढे विचारलं, तर म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला म्हणालं, तू काही करू नकोस."

चित्र प्रदर्शनात लागलं आणि शहरभर बोंब झाली. हिरवं अंग, कुऱ्हाडीनं फोडल्यासारखे हातपाय, चेहऱ्याच्या जागी दोन रेघा. वर्तमानपत्रांनी अश्लील म्हणून झोडपलं. खरं तर त्यात बाई शोधायलाच भिंग लागलं असतं. मावशीला सख्ख्या आईनंही ओळखलं नसतं.

पण काका पडले शिंपी. गिऱ्हाइकांच्या तोंडी सारखा तोच विषय, म्हणून तेही टिंगल करायला गेले. मावशीचा डावा खांदा उजव्याहून बोटभर उतरता. बारा वर्षं ते तिच्या कपड्यांत तिथे कापसाची पट्टी घालत आले होते. चित्रात तोच उतार दिसताच भर गर्दीत ओरडले, "अहो, ही माझी बायको आहे!" अक्कल गहाण टाकलेल्या या माणसानं स्वतःच दवंडी पिटली, आणि घरी येऊन अब्रू गेली म्हणून मावशीला बाहेर काढलं. सात वर्षांची मुलगी ठेवून घेतली.

मावशी चित्रकाराकडे गेली. "चित्रातली बाई दुसरीच कोणी होती, एवढंच सांगा हो त्यांना. माझी पोर मिळेल मला."

"कलेच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. म्हणे खोटं बोलत नाही! हिरवी बाई कुठे पाहिली होती यानं? माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

मावशी आमच्याकडे राहिली. दोन वर्षं काकांनी मुलीला भेटू दिलं नाही. शेवटी ती मला घेऊन शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलगी मैत्रिणींबरोबर बाहेर आली आणि आईला पाहून थबकली. एकीनं विचारलं, "कोण गं या?"

"बाबांच्या गिऱ्हाईक आहेत."

मावशी हसली. "हो गं. माझे कपडे शिवून झाले का, तेवढं विचारायचं होतं."

"पुढच्या आठवड्यात या," मुलगी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मावशी खरंच गेली. मुलगी मागच्या दारानं घरी निघून गेली होती.