वरच्या आळीचं पाणी

परवा मंगळवारी पहाटे साडेपाचला मी गावाचं पाणी सोडलं आणि टेम्पोत बसल्या बसल्या झोपून गेलो...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभर मी मंचरवरून पार्सलचा टेम्पो चालवतो, आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या गावच्या नळांना पाणी सोडायचं कामही माझ्याचकडे आहे. अवसरी बुद्रुकच्या पुढे आमचं छोटं गाव. एका कामावर घर चालत नाही, म्हणून दोन.

पाणी सोडायचं म्हणजे फार काही नाही. आधी खालच्या आळीचा वॉल उघडायचा, पाऊण तासाने तो बंद करून वरच्या आळीचा उघडायचा. मधला पाऊण तास फक्त जागं राहायचं... तेवढंच त्या दिवशी जमलं नाही.

ऑनलाइन सेलचा आठवडा होता. त्यात ओतूर-राजुरीकडचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून तिकडची पार्सलंही माझ्याच गाडीत. अंग इतकं मोडून यायचं की जेवताना घास हातातच राहायचा.

मंचरच्या पार्सल हबवरून फोन आला तेव्हा जाग आली. साडेसात वाजले होते. खालच्या आळीत गटारी भरून वाहत होत्या आणि टाकी रिकामी. विहिरीवरच्या मोटरला लाईट दुपारनंतरच येते, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला थेंब मिळणार नव्हता.

मग मी जे केलं त्याची लाज वाटते. गावच्या ग्रुपवर टाकलं, 'तांत्रिक अडचणीमुळे आज सकाळी वरच्या आळीला पाणी येणार नाही, सहकार्य करावे.' वॉल बंद केला आणि मंचरला निघून गेलो. कुणीतरी विचारलं, मोटर जळली का? मी बघूनही उत्तर दिलं नाही.

गाडी भरताना एक पार्सल हातात आलं... जमीलाचाचीचं. दर महिन्याला येतं. चाचांना अर्धांगवायू झाल्यापासून ते अंथरुणावरच आहेत, त्यांचे डायपर असतात त्यात. मुलगा पुण्यात नोकरीला. घर वरच्या आळीत, अगदी टोकाला.

ते पार्सल मी मुद्दाम मागे ढकललं. अवसरीतली घरं केली, मळ्यातल्या वस्त्या केल्या... शेवटी बाराच्या सुमाराला जावंच लागलं.

चाची ओट्यावर बसली होती. पदर खांद्यापर्यंत भिजलेला, डोक्यावरची चुंबळ अजून हातातच. मला बघून उठली आणि न मागताच तांब्याभर पाणी आणून दिलं. "घे बाबा, उन्हाचा फिरतूयस."

मी प्यायलो. सगळा तांब्या संपवला, तहानच तशी लागली होती.

"मोटरला काय झालं रे संतोष? सकाळपास्नं शाळंजवळच्या बोअरवर सात खेपा झाल्या माज्या. ह्यांचं सगळं धुवायचं असतं, पाण्याबिगर कसं व्हनार..." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. माझाही नाइलाज असेल, असंच तिला वाटत होतं.

ते मला सोसलं नाही.

"चाची, मोटरला काय न्हाई झालं," मी म्हणालो. "वॉल उघडा ठिवून मी झोपलो व्हतो. ग्रुपवर खोटं लिवलं."

तिने चुंबळ ओट्यावर आपटली.

"म्हंजी खालच्या आळीला पाणी व्हतं? भरून सांडलं आन् मी बोअरवर जात ऱ्हायले? मला वाटलं मोटरच बंद, त्यांच्याकडं तरी कुठलं असनार... म्हनून मागायला गेले न्हाई! झोप लागली तर लागली रे, पन सांगायचं तरी खरं!"

झोपेमुळे फक्त टाकी रिकामी झाली होती. त्या सात खेपा तिला माझ्या मेसेजमुळे पडल्या... हे मला तेव्हा कळलं.

तिचे हंडे, बादल्या, कॅन, दिसेल ते टेम्पोत घातलं आणि खालच्या आळीत माझ्याच घरी गेलो. आमचा हौद काठोकाठ भरलेला. बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हंडे भरायला घेतले. दोन खेपांत चाचीचं पिंप भरलं. तोवर हबवरून तीनदा फोन येऊन गेला होता.

टेम्पोत बसून ग्रुपवर लिहिलं, 'मोटर चांगली आहे. सकाळी मला झोप लागली म्हणून टाकी रिकामी झाली. चूक माझी. संध्याकाळी आधी वरच्या आळीला सोडतो. तोपर्यंत खालच्या आळीने जमेल तेवढं पाणी द्यावं.'

लई बोलणी बसली. एकाने लिहिलं, झेपत नसेल तर काम सोड... आणि खरं सांगू का, त्याचं काही चुकलं नाही. सरपंचांनी शनिवारी बोलावलंय. काम राहील की जाईल, माहीत नाही. पण खालच्या आळीतून चार-पाच घरांनी वर पाणी पोचवलं, हेही खरं.

संध्याकाळी वॉलपाशी उभा होतो तर चाची हळूहळू उतरून आली. गुडघ्यावर हात ठेवत तिने विचारलं, "सकाळचा वॉल कवा बदलायचा असतो?"

"सव्वासहाला."

"मी नमाजला पाचालाच उठते. सव्वासहाला मिस कॉल देत जाईन. उचलू नको... नुसता ऊठ."

काल आला. आजही आला.

दोन्ही कामं तशीच आहेत, झोप अजून पुरी होत नाही, आणि रविवारीही पार्सलं असतातच. पण जिला माझ्या खोट्यापायी सात खेपा पडल्या, तिनेच मला उठवायचं अंगावर घेतलं... तिच्यासमोर आभार मानायला तोंड उघडत नाही, म्हणून इथे लिहिलं.