परब हवालदारांचा खांदा

दुखणेकऱ्यांना एका बाकड्यावर बसवलं की किस्से आपोआप जमतात. कंबर धरलेल्या माणसाला चटकन उठून जाता येत नाही. मग तो ऐकत बसतो, आणि थोड्या वेळाने स्वतःच सांगायला लागतो.

आमचं बाकडं होतं लालबागला, दाजीबा वस्ताद तालमीला लागून असलेल्या ज्या खोलीत दर मंगळवारी हाडं बसवायचे, तिच्याबाहेर. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. तीन वर्षं कंबर धरलेली, उजव्या पायात कळ, तीन डॉक्टर करून झालेले, चामड्याचा पट्टाही बांधून झालेला. तरी मोर्च्यांना जायचो. जाताना मनात एकच धास्ती असायची, की गोळी सुटली तर सगळे पळतील आणि मी तिथेच राहीन.

* * *

वस्तादांची पद्धत अशी, की मान दोन्ही हातांत घ्यायचे आणि गाव विचारायचे. तुम्ही सांगायला तोंड उघडलं की कट्!

हे सगळ्यांना ठाऊक झालं आणि पंचाईत झाली. गाव विचारलं की लोक दातखीळ बसल्यासारखे गप्प. मसाला कुटायच्या डंकावरच्या सोनूबाई तर दाराची चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या. वस्ताद म्हणाले, आज हात लावत नाही, नुसता बघतो. बाईंनी हुश्श केलं आणि तेवढ्यात कट्!

पुढच्या मंगळवारी त्या खास भांडायला आल्या. शब्द देऊन फसवलं, तुम्हीच सांगा, असं बाकड्यावरच्या एकेकाकडे मान वळवून विचारत होत्या. चार महिने न वळलेली मान वळतेय, हे भांडण संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्या थोड्या लाजल्या.

* * *

वस्ताद नुसतं हाड बसवून सोडत नसत. माणूस जेवतो काय, झोपतो कसा, चिडतो कोणावर, सगळं विचारायचे. एकदा न सांगता आमच्या परळच्या खोलीत आले. माझी झोळ पडलेली खाट स्वतः उचलून गॅलरीत उभी केली आणि बायकोला म्हणाले, याला जमिनीवर घोंगडी टाकून झोपवा. दुपारचा चहा बंद. आणि जेवताना पेपर बंद.

पेपर कशाला, मी विचारलं.

"तू पेपर उघडलास की पाठ आवळतोस. मी मंगळवारी सोडवायची, तू बुधवारी आवळायची!"

खोटं नव्हतं. त्या दिवसांत पेपर उघडायची भीतीच वाटायची. मी वाचणं सोडलं. शेजारचे गॅलरीत मोठ्याने वाचायचे, त्याला काय करणार?

* * *

एका मंगळवारी बाकड्यावर हवालदार येऊन बसले. युनिफॉर्मात. बाकड्यावरची बोलणी तिथल्या तिथे थांबली.

माझी तर गाळण उडाली. मोर्च्याची पत्रकं सदऱ्याच्या आत पोटाशी बांधून मी आलो होतो, आणि नेमका तेव्हाच वस्तादांनी मला फळीवर पालथा झोपवला. दार उघडं. हवालदार चार हातांवर. वस्तादांनी कमरेवर दाब दिला आणि पोटाखाली कागद करकरले. पुन्हा दाब, पुन्हा करकर.

"पोटाला कागद बांधून फिरतोस होय? बांध, ऊब राहते," वस्ताद शांतपणे म्हणाले.

हवालदार भिंतीकडे बघत राहिले. नाव परब, मालवणकडचे. मोर्च्यातला एक दगड उजव्या खांद्यावर बसला होता आणि तेव्हापासून हात छातीच्या वर जात नव्हता. सध्या लाइट ड्यूटीवर चौकीत नोंदी लिहीत होते. दगड आमच्यातल्याच कोणाचा, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

* * *

हळूहळू माझी कंबर सुटत चालली, आणि परबांचा खांदाही. मला आनंद होत होता. त्यांचा चेहरा मात्र दर मंगळवारी जास्तच उतरलेला. शेवटी एकदा माझ्यादेखतच त्यांनी वस्तादांचा हात धरला.

"वस्ताद, घाय करू नकात. हात बरो झालो की माका बंदोबस्ताक धाडतले. समोर माझो धाकटो भाव असतलो. गिरणीत असा तो."

वस्तादांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, हाती आलेलं हाड मी वाकडं सोडत नाही.

परब गेल्यावर मी वस्तादांवर भडकलो. महिनाभर तो खांदा तसाच ठेवला तर काय बिघडेल, उद्या तीच बंदूक आमच्यावर येईल, असं बरंच बोललो.

"मग तुझी कंबरही तशीच ठेवू का?"

मी फळीवर पालथा झालो.

* * *

पुढच्या मोर्च्याला वस्ताद माझ्या शेजारी चालत होते. कंबर किती टिकते ते बघायला आलोय, म्हणाले. परळपर्यंत मला एकदाही कळ आली नाही. नाक्यावर पोलिसांची रांग आडवी लागली आणि त्या रांगेत डावीकडून चौथे परब! हातात बंदूक.

आता पळता आलं असतं, पण पळायचं सुचेना. अधिकाऱ्याने हुकूम दिला आणि सगळ्या बंदुका खांद्याला लागल्या. परबांची छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. अधिकारी ओरडला. परबांनी तोंड वेडंवाकडं करून पुन्हा हात उचलला, पुन्हा छातीशी अडकला. अधिकाऱ्याने शिव्या देत बंदूक हिसकावली आणि त्यांना ढकलून रांगेच्या मागे काढलं. त्या गोंधळात आमचे पुढारी पुढे झाले, बोलणी सुरू झाली, बंदुका खाली आल्या.

मी वस्तादांचं मनगट धरलं. "वस्ताद, खांदा पुन्हा निखळला का हो त्यांचा?"

वस्ताद परबांकडेच बघत होते.

"काल तालमीत त्या हाताने शंभर वेळा मुद्गल डोक्यावरून फिरवून गेलाय तो."