तो रंग नव्हता

रंगाच्या कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. भुकटी बोटांवर चोळून पाहिली की रंग जमला की फसला, ते तो सांगायचा. हातमोजे खुंटीलाच. "मोजे घालून रंग बघायचा म्हणजे कानात बोळे घालून गाणं ऐकायचं!" या त्याच्या वाक्यावर सगळे खो खो हसायचे.

धाकट्या भावाला त्यानेच तिथे चिकटवलं. धाकटा सायकली दुरुस्त करायचा आणि त्यात खूश होता, पण दादाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. दोघं एकाच टाकीपाशी राबले. हात रंगायचे, थुंकी रंगायची, लघवीसुद्धा.

केस पिकायला लागले तेव्हा एकदा धाकटा कावराबावरा होऊन आला. "दादा, लघवीला लाल होतंय."

"अरे, सकाळपासून लालच ढवळतोयस. हिरवं होईल होय?"

"पण..."

"दुखतंय का?"

"नाही."

"मग झालं तर!"

पुढे कित्येक दिवस टाकीत नुसता निळा रंग होता. धाकट्याला लाल होतच होतं. दादा पुन्हा हसेल म्हणून तो बोलला नाही. शेवटी त्याच्या बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

"हे रक्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूत्राशयाचा कॅन्सर होता. "काही रंगांतली रसायनं कातडीतून, श्वासातून शरीरात जातात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. ती मूत्राशयात साचते, तेव्हा तिथल्या पेशींच्या डीएनएला इजा होते. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, ते डीएनएवर ठरतं. ते बिघडलं की वर्षांनी का होईना, असं होऊ शकतं."

"मग मी कसा धडधाकट?" मागोमाग आलेल्या उस्तादने विचारलं.

"प्रत्येकाला होतोच असं नाही. तुमचीही तपासणी करू."

त्याच्यात काही निघालं नाही. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्याचं ऑपरेशन झालं, पण आजार आधीच पसरला होता. तो दादाला कधी उलट बोलला नाही. त्याची बायको मात्र तो गेल्यावर एकदाच बोलली, "दादा, त्या दिवशी नुसतं 'दाखवून ये' म्हणाला असतात तर?"

उस्तादने काम सोडलं. आता पाळी सुटताना तो फाटकाशी उभा राहतो. "लाल दिसलं तर रंग समजू नका, तपासून घ्या," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. काही थांबतात. बरेचसे घाईत असतात.